परिचित शब्द, अपरिचित अर्थ : शिरूर व भीमथडीतील १८७५ च्या दंग्यांच्या इंग्रजी कागदपत्रांचे अर्थवाचन

सारांश :
शिरूर आणि भीमथडी तालुक्यांत १८७५ साली सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांची सरकारी नोंद एकोणिसाव्या शतकातील प्रशासकीय व न्यायालयीन इंग्रजीत झालेली आहे. या इंग्रजीतील अनेक शब्द आजही वापरात आहेत. परंतु त्यांचे तत्कालीन अर्थ आज जुने किंवा विरळ झाले आहेत. अशा शब्दांना आजचा अर्थ लावल्यास केवळ भाषांतर चुकत नाही, तर दोष कोणाचा याविषयीचा निर्णयही बदलतो. प्रस्तुत लेखात काही निवडक शब्दांच्या आधारे या अर्थवाचनाची समीक्षा करण्यात आली आहे.

बीजसंज्ञा : अर्थपरिवर्तन, दख्खनचे दंगे, रयत, कर्जरोखा, भाषांतर.

प्रस्तावना :
जुन्या इंग्रजी शब्दांचा विचार करताना सामान्यतः चॉसर किंवा शेक्सपिअर यांच्या भाषेचा उल्लेख केला जातो. वाचकाला अडविणारे, कोश उघडावयास लावणारे अनोळखी शब्द तेवढे जुने, अशी समजूत त्यामागे असते. वस्तुतः अनोळखी शब्दापासून फारसा धोका नसतो, कारण तो आपली अपरिचितता स्वतःच जाहीर करतो. खरा धोका असतो तो ओळखीच्या शब्दाचा. त्याचे रूप कायम राहते, अर्थ मात्र सरकलेला असतो आणि वाचकास त्याची चाहूल लागत नाही. ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशात लुप्त झालेल्या अर्थापुढे कट्यारीचे चिन्ह छापलेले असते. जुन्या अहवालाच्या पानावर असे चिन्ह नसते.

हा प्रश्न शिरूर व दौंड परिसरातील अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना विशेष जवळचा आहे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे येथे सावकारांशी व्यवहार तोडण्याची चळवळ सुरू झाली. १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथील बाजारपेठेत शेतकरी जमले, त्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे हिसकावून घेऊन जाळले. पुढील काही आठवड्यांत हे लोण शिरूर, भीमथडी व इतर तालुक्यांतील गावांत आणि अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात पसरले. भीमथडी तालुक्यात आजच्या दौंड व बारामती तालुक्यांचा प्रदेश येत असे. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. या घटनांच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल १८७६ मध्ये तयार झाला आणि १८७८ मध्ये तो ब्रिटिश संसदेपुढे ठेवण्यात आला. या परिसरातील शेतकऱ्यांचा इतिहास ज्या भाषेत लिहिला गेला, ती भाषा त्या शेतकऱ्यांची नव्हती. आणि आज इंग्रजी शिकलेल्या त्यांच्या वंशजांचीही ती पूर्णतः राहिलेली नाही.

लेखाची उद्दिष्टे :
१) दंग्यांविषयीच्या लेखनातील काही इंग्रजी शब्दांचे तत्कालीन अर्थ स्पष्ट करणे.
२) आजच्या अर्थाने वाचल्यास होणारा अर्थविपर्यास दाखविणे.
३) मराठी प्रतिशब्दांच्या निवडीची चिकित्सा करणे.

‘रायट’ आणि रयत :
समितीच्या अहवालाच्या शीर्षकातच ‘रायट्स’ हा शब्द आहे. मराठीत त्याचे ‘दंगे’ असे भाषांतर रूढ झाले. मूळ फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ कलह असा होता, तर इंग्रजीत दीर्घकाळ तो उधळपट्टी व स्वैर वर्तन या अर्थानेही वापरला जात असे. १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात त्याचे विशेषण याच अर्थाने येते. शिकारी कुत्रा चुकीच्या वासामागे धावू लागला, तरी त्यास हाच शब्द लावीत. पुढे सार्वजनिक शांततेचा भंग हा अर्थ प्रमुख झाला.

१८७५ मध्ये मात्र हा शब्द केवळ वर्णनपर नव्हता. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम १४६ नुसार बेकायदेशीर जमावाने, म्हणजे पाच किंवा अधिक व्यक्तींनी, समान उद्देशाच्या पूर्तीसाठी बळाचा वापर केला, तर तो दंग्याचा अपराध ठरत असे. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही कलम १९१ खाली दंग्याची व्याख्या कायम आहे. म्हणजे या घटनांना ‘रायट’ म्हणणे हे एकाच वेळी त्यांचे वर्णन करणे व त्यांच्यावर आरोप ठेवणे होते. मराठीत ‘दंगा’ म्हटले की आज दोन समाजगटांतील मारामारी अथवा अविचारी मोडतोड डोळ्यांसमोर येते. सुपे येथे धान्याची लूट झाली, काही ठिकाणी घरांना आगी लावल्या गेल्या, हे खरे. परंतु जमावाची पहिली मागणी वह्या व रोखे यांची होती, हेही तितकेच खरे. कायद्याच्या परिभाषेतील शब्द घटनेचे संपूर्ण नाव म्हणून स्वीकारला की ही मागणी नजरेआड होते. उलट ‘उठाव’ हा शब्द योजल्यास राज्यसत्तेविरुद्धच्या संघटित लढ्याची अर्थच्छटा येते, आणि तीही पुराव्यापलीकडे जाते. रविंदर कुमार यांनी या घटनांना पश्चिम भारताच्या सामाजिक परिवर्तनात महत्त्वाचे स्थान दिले, तर नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ च्या आपल्या लेखाच्या शीर्षकातच त्यांना ‘मिथक’ म्हटले. इतिहासकारांतील हा मतभेद एका अर्थाने नामकरणाचाही मतभेद आहे.

येथे आणखी एक योगायोग उल्लेखनीय आहे. अरबीतून आलेल्या ‘रयत’ या शब्दाचे इंग्रजांनी जे रूप केले, त्याचा आणि ‘रायट’चा इंग्रजी उच्चार एकच आहे. अरबीतील मूळ शब्द राखणीतील कळप व त्यावरून प्रजा असा अर्थ देतो. मराठी राजव्यवहारात रयत म्हणजे प्रजा; तिचे रक्षण ही राज्यकर्त्याची जबाबदारी. इंग्रजी महसुली लेखनात या शब्दाचा संकोच होऊन तो ‘सारा भरणारा कास्तकार’ एवढाच उरला. मराठी शब्द इंग्रजीत गेला, परंतु त्यातील राज्यकर्त्याच्या जबाबदारीचा अंश मागेच राहिला. समितीने दंग्यांचे कारण म्हणून सरकारी साऱ्यापेक्षा सावकाराच्या कर्जावर भर दिला; हा अर्थसंकोच आणि तो निष्कर्ष एकमेकांस पूरक आहेत, असे म्हणावे लागते. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने व पुढे १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुले यांनी साऱ्याचा आणि सरकारी कारभाराचा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा एका अर्थी ‘रयत’ या शब्दाचा हरवलेला भागच परत मागितला गेला.

‘बॉण्ड’, ‘एक्झिक्यूशन’ आणि ‘युझरी’ :
दंग्यांच्या केंद्रस्थानी जो कागद होता, त्यास इंग्रजीत ‘बॉण्ड’ व मराठीत रोखा किंवा खत म्हणत. ‘बॉण्ड’ या एका रूपात दोन भिन्न शब्द मिसळले आहेत. एक बंधन या अर्थाचा. संस्कृत ‘बंध’ या शब्दाशी त्याचे दूरचे नाते आहे. दुसरा प्राचीन इंग्रजीतील ‘बोंडा’, म्हणजे घरधनी किंवा शेतकरी. ‘हजबंड’ या शब्दाचा उत्तरार्ध याच कुळातील आहे. म्हणूनच जुन्या इंग्रजीत ‘हजबंडमन’ म्हणजे शेतकरी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्येही लोकवर्णनाच्या विभागात शेती करणाऱ्या जातींसाठी हेच शीर्षक आहे. आजच्या वाचकास तेथे ‘नवरा’ दिसल्यास नवल नाही. पुढे स्वतंत्र शेतकरी या अर्थाच्या शब्दावर बंधनाची छाया पडली आणि ‘बॉण्डमन’ म्हणजे वेठीस बांधलेला मनुष्य झाला. मराठीतील ‘खत’ या शब्दाचीही अशीच गंमत आहे. शेतात टाकायचे खत आणि गहाणखतातील अरबी मूळचे खत हे भिन्न शब्द एकाच रूपात नांदतात.

अशा व्युत्पत्ती आकर्षक असल्या तरी त्यांचा मोह आवरणे आवश्यक आहे. बॉण्डच्या एका मूळ शब्दाचा अर्थ शेतकरी होता, म्हणून १८७५ च्या कर्जरोख्यात तो अर्थ दडलेला आहे, असे मानणे हा व्युत्पत्तिदोष होय. शब्दाचे मूळ त्याचा इतिहास सांगते. विशिष्ट वर्षीचा अर्थ त्या वर्षीच्या वापरावरून ठरतो. १८७५ मध्ये बॉण्ड म्हणजे न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहणारा लेखी करार, एवढाच अर्थ होता, आणि तोच शेतकऱ्यास जाचक ठरला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने अशा रोख्यांची मुदत तीन वर्षांची केली. व्याज साचू नये हा त्यामागील हेतू होता. व्यवहारात मात्र दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊन थकलेले व्याज मुदलात मिळविण्याची प्रथा बळावली. हिंदू विधीतील दामदुपटीच्या नियमानुसार एका वेळी मुदलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नसे. परंतु व्याजच नव्या रोख्यात मुद्दल झाले की नियम शब्दशः पाळूनही निष्फळ ठरे. १०० रुपयांच्या कर्जावर २००० रुपयांहून अधिक व्याज आकारल्याचे एक प्रकरण चौकशीत पुढे आले, त्याचा उलगडा येथे होतो.

या संदर्भात ‘एक्झिक्यूट’ हे क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. आजच्या सर्वसामान्य वाचकाच्या मनात त्याचा पहिला अर्थ फाशी देणे किंवा अंमलात आणणे असा येतो. दस्तऐवजाच्या संदर्भात ते ‘दस्त करून देणे’ आणि हुकूमनाम्याच्या संदर्भात ‘बजावणी’ असा अर्थ देते. महाराष्ट्रातील न्यायालयांत त्यासाठी आजही दरखास्त दाखल होते. ‘अटॅचमेंट’ म्हणजे जिव्हाळा नव्हे तर जप्ती, हेही असेच. अर्थ कळला तरी समीक्षेचे काम तेथे संपत नाही. शेतकऱ्याने रोखा ‘एक्झिक्यूट’ केला, या वाक्यरचनेत शेतकरी कर्ता आहे. प्रत्यक्षात रोखा लिहिणारा दुसराच असे, वाचून दाखविणाराही बहुधा तोच असे, आणि निरक्षर शेतकरी खाली नांगराची निशाणी करी. व्याकरणातील कर्तेपण आणि व्यवहारातील कर्तेपण यांतील हे अंतर शब्दकोशात सापडत नाही. ते संदर्भातूनच वाचावे लागते.

‘युझरी’ या शब्दाची कथा याच्या उलट आहे. लॅटिनमधील मूळ अर्थ ‘वापर’. त्यावरून उसन्या रकमेच्या वापराचा मोबदला, म्हणजे व्याज. मध्ययुगीन ख्रिस्ती नीतीत कोणतेही व्याज निषिद्ध होते. इंग्लंडमध्ये पुढे कायद्याने ठरविलेल्या दरापलीकडचे व्याज एवढ्यापुरता हा शब्द उरला. हे निर्बंध इंग्लंडमध्ये १८५४ साली व भारतात १८५५ च्या २८ व्या अधिनियमाने रद्द झाले. त्यामुळे १८७५ मध्ये सावकारास ‘युझरर’ म्हटले, तरी त्यात केवळ नैतिक निंदा होती. कायद्याचा आधार त्या शब्दाखालून वीस वर्षांपूर्वीच काढून घेतला गेला होता. अशा लेखनात सावकाराची निंदा आणि त्याच्या दाव्यांना न्यायालयाची मान्यता, ही दोन्ही एकत्र नांदू शकली, याचे मर्म यात आहे.

‘आउटरेज’ आणि ‘एम्बॅरस्ड’ :
आजच्या इंग्रजीत ‘आउटरेज’ म्हणजे संताप. एकोणिसाव्या शतकातील सरकारी भाषेत, विशेषतः आयर्लंडमधील शेतकरी असंतोषाच्या संदर्भात, त्याचा अर्थ हिंसक गुन्हा असा होता. मुळात या शब्दाचा इंग्रजीतील ‘रेज’ म्हणजे क्रोध याच्याशी संबंध नाही. ‘पलीकडे’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून तो बनला असून मर्यादेचे उल्लंघन हा त्याचा गाभा आहे. या संज्ञेचे ‘शेतकऱ्यांचा प्रक्षोभ’ असे भाषांतर वाचकास प्रिय वाटेल. परंतु त्यामुळे अधिकाऱ्याने ज्यास गुन्हा म्हटले, त्यास त्याने न दाखविलेली सहानुभूती चिकटते. येथे चूक शेतकऱ्याच्या बाजूने झुकणारी असली, तरी ती चूकच आहे. समीक्षकाने आपल्या पक्षास सोयीची चूकही तितक्याच कठोरपणे तपासली पाहिजे.

‘एम्बॅरस्ड’ हे विशेषण आज ओशाळलेला, संकोचलेला असा अर्थ देते. अडथळा या अर्थाच्या मुळापासून आलेला हा शब्द तत्कालीन लेखनात कर्जाने जखडलेल्या मनुष्यासाठी योजीत. कर्जबाजारी शेतकऱ्याची स्थिती सांगणारे असे वाक्य आजच्या अर्थाने वाचल्यास आर्थिक वस्तुस्थितीचे रूपांतर लाजेच्या भावनेत होते. मराठीतील ‘अडलेला’ हा साधा शब्द येथे नेमका बसतो.

दोषारोपाचे शब्द :
शेतकऱ्याच्या स्वभावाविषयी त्या काळच्या लेखनात ‘इम्प्रॉव्हिडंट’ व ‘थ्रिफ्टलेस’ ही विशेषणे योजली जात. पहिल्याचा अर्थ पुढचे न पाहणारा. दुसऱ्यातील ‘थ्रिफ्ट’ हा शब्द भरभराट होणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला असून त्याचा जुना अर्थ बरकत, तर नंतरचा अर्थ काटकसर होय. दोहोंसाठी मराठीत सरसकट ‘उधळ्या’ हा शब्द योजण्याची प्रवृत्ती आढळते. तो मूळ शब्दांहून कठोर आहे. पुढचे न पाहणे आणि हाती असलेले उधळणे यांत फरक आहे. ज्याच्या हाती पुढील हंगामाचीही खात्री नाही, त्यास दूरदृष्टीचा अभाव परिस्थितीने शिकविलेला असतो.

हा फरक केवळ शब्दच्छल नाही. लग्नकार्यातील खर्चामुळे शेतकरी कर्जबाजारी झाला, हे मत तेव्हा प्रचलित होते व आजही ऐकू येते. समितीने मात्र या कारणास अवाजवी महत्त्व दिले गेल्याचा निर्वाळा दिला होता. असे खर्च ऐपतीच्या मानाने जास्त असले तरी ते क्वचितच उद्भवतात, असा तिचा आशय होता. तेव्हा ‘उधळ्या’ हा प्रतिशब्द योजणारा भाषांतरकार खुद्द समितीने शिथिल केलेला आरोप पुन्हा घट्ट करतो.

नसलेल्या शब्दाचा प्रश्न :
कर्डे येथील घटनेचे वर्णन आजच्या पाठ्यपुस्तकांत ‘सामाजिक बहिष्कार’ व इंग्रजीत ‘बॉयकॉट’ असे केले जाते. ‘बॉयकॉट’ हा शब्द १८८० साली आयर्लंडमधील मेयो परगण्यात जन्मास आला. जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्याशी कुळांनी व मजुरांनी सर्व व्यवहार तोडले, त्यावरून हे क्रियापद रूढ झाले. म्हणजे १८७४ मध्ये शिरूर तालुक्यात जे घडले, त्यासाठी इंग्रजीत हा शब्दच नव्हता. ‘कॉव्हेंट्रीला धाडणे’ हा अठराव्या शतकापासूनचा वाक्प्रचार होता, परंतु त्यात अबोला धरण्यापलीकडे फारसे काही नाही.

मराठीत ‘वाळीत टाकणे’ होते. न्हावी, परीट, पाणक्या यांची सेवा तोडणे हे त्याचे रूढ साधन होते आणि सावकारांविरुद्धही तेच वापरले गेले. तथापि, वाळीत टाकणे हा जातीने आपल्याच सभासदास दिलेला दंड असे. येथे तेच साधन जातीबाहेरील धनकोविरुद्ध उचलले गेले. आशयाच्या दृष्टीने ही कृती ‘बॉयकॉट’लाच अधिक जवळची आहे. म्हणून हा शब्द वापरणे त्याज्य नाही. तो नंतरचा आहे, एवढी जाणीव वाचकास देणे पुरेसे आहे. ‘सामाजिक बहिष्कार’ या संज्ञेबाबत अधिक सावधगिरी हवी. जातपंचायतींच्या जाचास आळा घालणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१६ च्या अधिनियमानंतर या संज्ञेस गुन्ह्याचा निश्चित अर्थ प्राप्त झाला आहे. तो १८७४ वर लादल्यास कर्डे येथील कृतीचे स्वरूप विपरीत दिसेल.

अर्थनिश्चितीची साधने :
जुन्या शब्दाचा अर्थ आजच्या संक्षिप्त इंग्रजी-मराठी कोशातून निश्चित करणे योग्य नव्हे. ऐतिहासिक क्रमाने अर्थ देणारा ऑक्सफर्डचा कोश १८८४ पासून खंडशः प्रसिद्ध होऊन १९२८ मध्ये पूर्ण झाला. भारतातील इंग्रजीसाठी १८८६ चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ उपयुक्त आहे. परंतु प्रस्तुत विषयासाठी सर्वांत जवळचे साक्षीदार मराठीतच उपलब्ध आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ व १८५७ मध्ये, तर कँडीने पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. या कोशांकडे जुनी मराठी समजून घेण्याचे साधन म्हणून पाहिले जाते. त्यांचा उलट उपयोगही होऊ शकतो : ज्या इंग्रजी शब्दाचा तत्कालीन अर्थ हवा, त्यासमोर त्या पिढीने कोणता मराठी शब्द ठेवला, हे तेथे पाहता येते. मराठी वाचकास हा लाभ इंग्रज वाचकापेक्षाही अधिक सहज मिळू शकतो.

निष्कर्ष :
१) शिरूर-भीमथडीच्या कागदपत्रांत अपरिचित शब्दांपेक्षा परिचित शब्दांचे सरकलेले अर्थच अधिक दिशाभूल करतात.
२) ‘रायट’, ‘युझरी’, ‘इम्प्रॉव्हिडंट’ यांसारख्या शब्दांचा अर्थ हा कायदा, नीती व सत्ता यांच्या संदर्भात निश्चित करावा लागतो, केवळ प्रतिशब्द पुरेसा नाही.
३) व्युत्पत्ती शब्दाचा इतिहास सांगते, तत्कालीन अर्थ सिद्ध करीत नाही.
४) शेतकऱ्यास सहानुभूती देणारे भाषांतरही पुराव्याच्या कसोटीवर तपासले पाहिजे.

दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम झाला. त्याने न्यायालयास रोख्यावरील आकडा अंतिम न मानता त्यामागील व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. रोख्यावर लिहिलेली रक्कम आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम एकच असते असे गृहीत धरू नये, हा त्यामागील बोध होता. त्या रोख्यांविषयी लिहिलेल्या इंग्रजीलाही तोच न्याय लावावा लागेल. वर्गात ही कागदपत्रे वाचताना प्रत्येक ओळखीच्या शब्दामागील जुना हिशेब तपासला गेला, तरच कर्डे आणि सुपे येथील शेतकऱ्यांविषयी काही निश्चित विधान करता येईल.